तीनचा पाढा डाव्या हाताचा

बारापात्रे गुरुजींची बोटं थांबलेली मी आयुष्यात एकदाच पाहिली. एरवी ती कशावर ना कशावर तरी चाललेलीच असायची. वर्गात टेबलावर, सायकलवर असले तर हँडलवर, कोणाशी बोलत उभे असले तर स्वतःच्या मांडीवर. नव्या माणसाला वाटायचं, हे गृहस्थ घाईत तरी आहेत किंवा चिडलेले तरी. गुरुजी दोन्ही नसत. ते मनातल्या मनात पाढे म्हणत असत. त्यांच्या बायकोनं, म्हणजे आमच्या काकूंनी, एकदा सांगितलं होतं की लग्नात मंगलाष्टकं चालू असताना यांची बोटं हातातल्या नारळावर चाललेली होती, आणि भटजींनी शेवटचं ‘सावधान’ म्हटलं तेव्हा हे तेवीसच्या पाढ्यात होते.

गुरुजी मला चौथीला होते. साठचं दशक सरत आलं होतं. धंतोलीपासून पायी दहा-बारा मिनिटांवर आमची चार खोल्यांची कवेलूची, म्हणजे कौलारू, शाळा होती. त्या जागेत आधी एक हायस्कूल भरायचं. ते दुसरीकडे गेलं आणि जाताना बाकं, फळे, घंटा सगळं घेऊन गेलं. मागच्या मैदानातले बास्केटबॉलचे दोन खांब तेवढे उपटता आले नाहीत म्हणून आमच्या वाट्याला आले. एका खांबाची रिंग वाकलेली होती, दुसरीत चिमणीनं घरटं केलेलं होतं. आम्हा नऊ वर्षांच्या पोरांचा चेंडू दोन्हींपर्यंत पोचत नसे, त्यामुळे चिमणीला आमच्याकडून कधी त्रास झाला नाही.

शाळेत खेळाचे वेगळे शिक्षक नव्हते. गुरुजी तरुणपणी मोहल्ल्यातल्या मंडळाकडून बास्केटबॉल खेळले होते, हे ऐकून मोठ्या बाईंनी खेळाचा तास त्यांच्या गळ्यात टाकला. गुरुजींची उंची पाच फूट दोन इंच. हा खेळ त्यांनी का निवडला असं आमच्यातल्या एकानं धीर करून विचारलं, तेव्हा ते म्हणाले, “वरचं उंच लोकाइले राहू द्या. जमीन आपली आहे. टप्पा जमिनीवर पडते.” त्यांची सगळी विद्या ही अशी जमिनीलगतची होती. चेंडू रिंगमध्ये कसा टाकायचा हे त्यांनी आम्हाला कधी शिकवलं नाही. टप्पा कसा मारायचा, एवढंच वर्षभर शिकवलं.

चेंडू तीन होते. एक खरा बास्केटबॉल, त्याच्यावरची नक्षी झिजून टक्कल पडलेलं. दुसऱ्याला सायकलच्या दुकानात ठिगळ लावून आणलेलं, तो ठिगळावर पडला की स्वतःच्या मर्जीनं कुठेही जायचा. तिसरा मुळात व्हॉलीबॉल होता, पण त्याचं आम्ही कोणाला सांगत नसू. मैदान मुरमाचं. तासाच्या सुरुवातीला सगळ्यांनी एका रांगेत चालत खडे वेचायचे, मग बाकीच्यांनी बसून जमिनीवर नुसत्या हातानं टप्पे द्यायचे आणि पाळी येईल त्यानं चेंडू घ्यायचा. पाळी म्हणजे एक पाढा. ‘बे एके बे’ला चेंडू हातात आला की ‘बे दाही वीस’ला पकडायचा आणि पुढच्याला द्यायचा. मोजायला घड्याळ लागत नसे.

पाढ्यांची ही भानगड मोठ्या बाईंमुळे झाली. पोरं बाहेर उनाडतात, परीक्षेत नापास होतील, अशी त्यांची तक्रार होती. गुरुजींनी शांतपणे सांगितलं, “बाई, खेयत कुठं आहो आम्ही? पाढेच तर म्हणून राहिलो. वर्गात जागा नाही म्हणून बाहेर म्हणतो.” आणि दुसऱ्या दिवसापासून खरोखरच प्रत्येक टप्प्याला एक शब्द सुरू झाला. बे, एके, बे. बे, दुणे, चार. बाईंना खिडकीतून पाढे ऐकू यायचे आणि त्या समाधानानं वहीत डोकं घालायच्या.

पण हे त्यांनी बाईंना गुंडाळायला काढलं होतं असं म्हणणं म्हणजे अर्धंच सांगणं होईल. गुरुजींचं घर कोष्ट्याचं. वडील मागावर लुगडी विणायचे. लहानपणी गुरुजी मागाशेजारी बसून पाढे पाठ करायचे. धोटा उजवीकडून डावीकडे गेला की एक शब्द, डावीकडून उजवीकडे आला की दुसरा. वडिलांना लिहिता-वाचता येत नव्हतं, पण मुलगा पाढ्यात चुकला की त्यांचा धोटा आपोआप थांबायचा. गुरुजींची बोटं जन्मभर चालत राहिली ती त्या मागाच्या ठेक्यावर. घरातला माग पुढे विकला गेला, ठेका यांच्याकडे राहिला.

दोन्ही हातांचा हट्टही तिथलाच. सम पाढे उजव्या हाताचे, विषम डाव्याचे, हा त्यांचा कायदा. बे उजव्याचा, तीन डाव्याचा, चार पुन्हा उजव्याचा. पहिल्या दिवशी तीनच्या पाढ्याला आमचे सगळ्यांचे चेंडू चहूकडे पळाले. मुलं कुरकुरली की गुरुजी म्हणायचे, “डावा हात का सावत्र मायचा आहे?” त्यात पुन्हा पाव आणि अर्ध्याच्या पाढ्यांची पावकी आणि निमकी होती. ती तोवर पुस्तकांतून गेल्यातच जमा होती, पण गुरुजींनी त्यांना काम लावलं. पावकी म्हणजे चेंडू गुडघ्याच्या वर येऊ द्यायचा नाही, निमकी म्हणजे कमरेच्या. ‘एक पाव पाव, दोन पाव अर्धा’ म्हणत आम्ही बदकासारखे वाकून मैदानभर फिरायचो. संध्याकाळी मांड्या अशा दुखायच्या की पाटावर बसताना आई विचारायची, शाळेत तुम्हाला नेमकं शिकवतात काय.

सगळ्यात अवघड होतं वर पाहणं. लहान मूल टप्पा मारताना चेंडूवरून नजर काढतच नाही. गुरुजी समोर पाटी घेऊन उभे राहायचे. पाटीवर आकडा. तो वाचायचा आणि त्याचा पाढा धरायचा. मान खाली गेली की आवाज यायचा, “चेंडूले पाहू नको वं, तो काही पयून नाही चालला. माह्याकडे पाह्य.” तळहातानं चेंडू थापटणाऱ्याला म्हणायचे, “बोटं पसर गा. तयहात टायी वाजवाले असते, बोटं चेंडूले.” आणि फारच वाकणाऱ्याला, “टप्पा मारून राहिला का चेंडूच्या पाया पडून राहिला?” बोलणं हे असं, पण हात कधी कोणावर उगारला नाही. छडी मागच्या गुरुजींची होती ती तशीच कपाटावर पडून होती. ती त्यांनी एकदाच काढली, चिमणीचं घरटं खाली यायला लागलं तेव्हा ते वर सारायला.

गुरुजींच्यात गुणच गुण होते असं मी म्हणणार नाही. इतिहास ते इतक्या भरभर उरकायचे की एका तासात दोन राजे मरायचे. भूगोलाचा नकाशा आमच्या वर्गात दोन दिवस उलटा लटकत होता, तो त्यांच्या लक्षात आला नाही. मुलांची नावं विसरायचे. कुत्र्यांना तर इतके भ्यायचे की मैदानात कुत्रं आलं की आधी त्यांनाच आम्ही मध्ये घ्यायचो. आणि ‘शाबास’ हा शब्द त्यांच्या तोंडून कोणी कधी ऐकला नाही. एका मुलाच्या आईनं याबद्दल गाऱ्हाणं केलं, तेव्हा त्यांनी तिला सांगितलं, “शाबास म्हटलं का पोरगं थांबते अन् आपल्याकडे पाहते. चालू असलेल्या पोराले काहून थांबवाचं?”

आता माझं सांगते. माझं नाव मंदाकिनी, आणि ते मला सांगता येत नसे. मी तोतरी होते. अजूनही शब्द अडतो, पण आता तो मला आणि मी त्याला ओळखून आहोत. तेव्हा तसं नव्हतं. सगळ्यांबरोबर कविता म्हणायची असली तर गाडी नीट जायची, एकटीनं बोलायचं आलं की ओठ मिटायचे आणि उघडायचेच नाहीत. तिसरीत हजेरी घेताना ‘हजर’ म्हणायचं असे. माझा ‘ह’ निघेपर्यंत बाई दोन नावं पुढे गेलेल्या असायच्या. एका महिन्यात माझ्या नावापुढे इतके दिवस गैरहजेरी लागली की शाळेनं बाबांना बोलावून घेतलं. बाबा धंतोलीत एका दवाखान्यात कंपाउंडर होते. कामावर जाताना मला रोज शाळेच्या दारात सोडायचे. पोरगी दारातून आत जाते आणि हजेरीत नसते, हे त्यांना समजेना. समजलं तेव्हा ते घरी येऊन बराच वेळ अंगणात बसून राहिले.

चौथीच्या शेवटी तोंडी परीक्षा असायची. बाहेरून साहेब येणार, प्रत्येकाला एकेकटं उभं करून पाढे आणि वाचन विचारणार. चौथीच्या सुरुवातीलाच मी बाबांना आईशी बोलताना ऐकलं. ते म्हणत होते, “चौथी पास झाली त ठीक. नाही त पारशिवनीले आत्याकडे ठेवू. तिथं शेतातलं, घरातलं शिकून घेईन. बोलताच येत नाही त शायेत बसवून काहून तिचा तमाशा कराचा?” बाबांना माझी कीव येत होती, म्हणूनच ते असं म्हणत होते, हे मला आज कळतं. तेव्हा इतकंच कळलं की तोंडीत अडले की माझी शाळा संपली. आत्या प्रेमळ होती, पारशिवनी मला आवडायची. पण मला शाळेतच राहायचं होतं, आणि ते कोणाला सांगायचं तर त्यालाही तोंडच लागत होतं.

बारापात्रे गुरुजींच्या वर्गातल्या पहिल्या हजेरीला मी घामानं भिजले होते. गुरुजींनी हजेरीपुस्तक उघडलं, कानात बोट घालून हलवलं आणि म्हणाले, “माहे कान दुखून राहिले. हजर-बिजर कोणी म्हणू नका. नाव आलं का जमिनीवर दोन टप्पे द्या.” बसायच्या टाटपट्टीवरून हात बाहेर काढून प्रत्येकजण जमिनीवर दोनदा थापटायचा. मीही थापटलं. गुरुजींचा कान त्या वर्षी परीक्षा होईपर्यंत दुखत होता. त्या कानाला काहीही झालेलं नव्हतं, हे समजायला मला कित्येक वर्षं लागली.

मैदानात पहिल्यांदा चेंडू हातात आला तेव्हा मी गप्प उभी राहिले. पाढा म्हटल्याशिवाय टप्पा नाही, हा नियम होता. मुलं हसायला लागली. गुरुजी जवळ आले आणि माझ्यापुरतं ऐकू येईल असं म्हणाले, “हातानं म्हण. तोंडाचं मंग पाहू.” मग मी हातानं पाढे म्हणू लागले. बे एके बे, तीन टप्पे. बे दुणे चार, तीन टप्पे. चुकलं तर चेंडू चुकायचा, आणि ते गुरुजींना बरोबर कळायचं. बाकीचे ओरडून म्हणत आणि मी मुक्यानं. पावसाळा गेला, दिवाळीची सुट्टी झाली, मी मुक्यानं एकोणतीसपर्यंत पोचले. ठिगळाचा चेंडूसुद्धा माझं ऐकायला लागला.

थंडीतल्या एका सकाळी गुरुजींनी माझ्यासमोर पाटी धरली. पाटीवर तीन. मी डाव्या हातानं सुरू केलं. नजर पाटीवर होती, लक्ष ठेक्यात होतं. कुठूनतरी ‘तीन सक अठरा’ असं ऐकू आलं आणि मला वाटलं, मागची कोणी मुलगी माझ्याबरोबर म्हणते आहे. ‘तीन साते एकवीस’ला कळलं की मागे कोणी नाही. तो माझाच आवाज होता, जरा घोगरा, पण सरळ चाललेला. गुरुजींना ते कळलं होतं की नाही? कळलं होतं. त्यांच्या मांडीवरची बोटं माझ्या ठेक्यात आली होती. पण त्यांनी भुवईसुद्धा हलवली नाही. ‘तीन दाही तीस’ झाल्यावर पाटी पुसली, चार लिहिलं आणि पुन्हा माझ्यासमोर धरली. त्या क्षणी त्यांनी टाळ्या वाजवल्या असत्या, मुलांना बोलावून ‘पाहा, मंदा बोलली’ म्हटलं असतं, तर मी पुन्हा मिटले असते. त्यांनी मला थांबू दिलं नाही, याचे उपकार मी विसरलेले नाही.

त्याच सुमारास एका दुसऱ्या शाळेशी आमच्या मुलींचा सामना ठरला. त्यांच्याकडे सिमेंटचं मैदान होतं आणि रिंग आमच्या उंचीला बेतलेल्या, खाली आणलेल्या होत्या. आम्ही सातजणी गुरुजींच्या सायकलमागे चालत गेलो. सामना सुरू झाला आणि सगळे पाहतच राहिले. आमच्या मुली मान वर करून, दोन्ही हातांनी चेंडू खेळवत, मोठ्यांदा पाढे म्हणत त्यांच्या मुलींमधून निघून जात होत्या. आणि मग शिट्टी वाजली. पंचांनी दोन्ही तळहात हवेत खालीवर करून दाखवले. चेंडू एकदा पकडल्यावर पुन्हा टप्पा मारायचा नसतो, आणि आमच्या प्रत्येक मुलीनं तेच केलं होतं. ‘बे दाही वीस’ झालं, सवयीनं चेंडू पकडला. द्यायला पुढची मुलगी रांगेत नव्हती. मग काय करायचं, तर ‘तीन एके तीन’ सुरू.

अर्ध्या वेळापर्यंत हे त्यांच्या मुलींच्याही लक्षात आलं. त्या ‘नव्वे’पर्यंत आरामात उभ्या राहायच्या आणि ‘दाही’ला दोघी-दोघी येऊन चेंडूपाशी थांबायच्या. माझ्याकडे चेंडू आला तेव्हा मीही तेच केलं. ‘चार दाही चाळीस’ म्हणून मी चेंडू छातीशी धरला आणि समोरच्या मुलीनं तो इतक्या सभ्यपणे काढून घेतला की मी तिला थँक्यू म्हणायचंच बाकी होतं. आमचा एकही गुण झाला नाही. त्यांचे किती झाले ते मी सांगणार नाही.

परतताना दोघी रडत होत्या. गुरुजी सायकल हातात धरून चालत होते आणि मध्येच थांबून एकटेच हसत होते. शाळेच्या फाटकाशी आल्यावर त्यांनी आम्हाला उभं केलं. “चूक माही आहे,” ते म्हणाले. “मी तुमाले दाहीवर थांबाले शिकवलं. पाढा संपला म्हणून चेंडू संपते का? दाही झालं का पुढचा धराचा. हात बदलाचा, चेंडू नाही थांबवाचा.” शिक्षकानं आपली चूक पोरांपुढे इतक्या सहज कबूल केलेली मी तोवर पाहिली नव्हती, नंतरही फार पाहिली नाही. दुसऱ्या दिवसापासून पाळीचा नियम बदलला. दाही झालं की चेंडू टप्प्यातच पुढच्या मुलाच्या हाताखाली जायचा, आणि तो टप्पा न चुकवता पुढचा पाढा धरायचा.

परीक्षेचा दिवस आला. वर्गात साहेब, शेजारी मोठ्या बाई, आणि आम्ही बाहेर व्हरांड्यात रांगेनं. गुरुजींना आत बसायची परवानगी नव्हती. पहिला मुलगा आत गेला आणि मागच्या मैदानातून चेंडूचा आवाज यायला लागला. थप, थप, थप. साहेबांनी विचारलं म्हणे, हे काय चाललंय. बाई म्हणाल्या, आमचे एक शिक्षक आहेत, त्यांना सवय आहे. बाईंना मनातून लाज वाटली असणार, पण उठून थांबवायला त्या गेल्या नाहीत, हेही मी लक्षात ठेवलं आहे. चेंडू थांबला नाही. दुसरा, तिसरा, दहावा मुलगा आत जाऊन आला, ऊन चढलं, चेंडू एका लयीत चालूच होता. सगळ्यांसाठी चालू होता, म्हणून तो माझ्यासाठी आहे हे कोणाला कळायचं कारण नव्हतं.

माझी पाळी आली. साहेबांनी नाव विचारलं. ते निघालं नाही. बाईंनी सांगितलं. साहेबांनी पुस्तक बाजूला ठेवून एकोणीसचा पाढा म्हणायला सांगितला. माझे ओठ मिटले. समोर भिंत, भिंतीवर तो नकाशा, खिडकीबाहेर थप, थप, थप. एकोणीस विषम, म्हणजे डावा. फ्रॉकच्या घडीत माझा डावा हात हलायला लागला. बाहेरचा टप्पा आणि माझा हात एक झाले तेव्हा मी तोंड उघडलं. ‘एकोणीस एके एकोणीस’ निघालं. मग ‘एकोणीस दुणे अडतीस’. ‘एकोणीस पंचे पंच्याण्णव’ला बाईंनी वर पाहिलं. ‘एकोणीस दाही एकशे नव्वद’ झालं आणि बाहेरचा चेंडू थांबला नाही, म्हणून मीही थांबले नाही. हात बदलला आणि ‘वीस एके वीस’ धरलं. साहेब म्हणाले, पुरे, पुरे. मी वीस संपवून एकवीसमध्ये शिरले होते. त्यांनी हसून हात वर केला तेव्हा कुठे थांबले.

मी पास झाले. पारशिवनीला मी गेले ती फक्त सुट्टीत. बाबा निकाल घेऊन गुरुजींकडे गेले, काय बोलायचं ते ठरवून गेले होते, पण त्यांच्याच तोंडून शब्द निघेना. गुरुजींनी त्यांना पाणी दिलं आणि विचारलं, कुत्रं चावलं तर दवाखान्यात खरंच पोटात सुया देतात का.

पुढे मी शिकले, एका सरकारी कचेरीत टायपिस्ट झाले. काम बोटांचं मिळालं याची गुरुजींना भारी गंमत वाटली. रस्त्यात भेटले की सायकलवरून न उतरता विचारायचे, “डावा हात चालते ना वं?” मी मान हलवायची. बोलताना अडलं की आजही माझा हात मांडीवर चालतो. मुलाखतीत चालला, लग्न ठरताना चालला. नवऱ्यानं पुष्कळ दिवसांनी विचारलं, तू मांडीवर काय करतेस? मी म्हटलं, हजेरी देते.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. बाबा निवृत्तीला आले होते. एका दुपारी ते माझ्या कचेरीत आले आणि म्हणाले, “तुहे गुरुजी आमच्याकडे भरती आहेत. उजवं अंग गेलं. वाचाही गेली.” मी टाइपरायटरवर तसाच कागद ठेवून निघाले.

गुरुजी खाटेवर टेकून बसवलेले होते. दोन्ही हात चादरीवर होते आणि बोटं थांबलेली होती. काकू म्हणाल्या, समजतं सगळं, पण शब्द येत नाही. पाणी हवं असलं तरी पाणी म्हणता येत नाही. डॉक्टर म्हणतात, येईल किंवा येणारही नाही. गुरुजींनी मला पाहिलं, ओळखलं. ओठ मिटले, गळ्याशी काहीतरी हललं, आणि मग त्यांनी मान भिंतीकडे वळवली. त्यांना लाज वाटत होती. ते मिटलेले ओठ मला चांगले माहीत होते. शब्द आत तयार उभा असतो आणि दार उघडत नाही, हे त्या खोलीत एकट्या मलाच कळत होतं.

मी त्यांच्या उजव्या हाताशी बसले. बे उजव्याचा, एवढंच डोक्यात होतं, तो हात गेलेला आहे हेही मी विसरले. त्यांच्या थंड तळहातावर मी बोटांनी टप्पे द्यायला लागले. तीन टप्पे, पुन्हा तीन टप्पे. तोंडानं काही म्हटलं नाही. काकू पाहत राहिल्या. बराच वेळ काही झालं नाही. मी बेचा पाढा संपवला, पुन्हा पहिल्यापासून धरला. तिसऱ्यांदा ‘पंचे’पाशी भिंतीकडून आवाज आला, “दहा.” मी थांबले नाही. पुढच्या तीन टप्प्यांना ते म्हणाले, “बे सक बारा.” काकूंनी पदर तोंडाला लावला. मला त्यांना मोठ्यांदा शाबास म्हणावंसं वाटलं, पण मी भुवईसुद्धा हलवली नाही. “बे साते चौदा. बे आठे सोळा. बे नव्वे अठरा. बे दाही वीस.”

पाढा संपला. माझं बोट तिथंच अडलं, कारण पुढचा तीनचा, आणि मी बसले होते उजवीकडे. मी उठून पलीकडे जायच्या आतच चादरीवरचा त्यांचा डावा हात हलला. बोटं पसरली, तळहात चादरीपासून वर राहिला. गुरुजींनी मान माझ्याकडे वळवली. “तीन एके तीन,” ते म्हणाले, आणि हात चालू लागला. आवाज जड होता, शब्द लडबडत होते, पण एकही टप्पा चुकला नाही. “तीन दाही तीस” झालं. मला वाटलं, आता थांबतील, थकले असतील. ते थांबले नाहीत. त्यांनी डाव्या हातानं आपला तो गेलेला उजवा हात उचलला, मांडीवर नीट ठेवला आणि डाव्याच्या बोटांनी त्याच्यावर टप्पा दिला.

“चार,” गुरुजी म्हणाले, “एके चार.”